गच्चीचं कूळ

पेंटहाऊस, टेरेस फ्लॅट, स्काय गार्डन. अहिल्यानगरच्या, म्हणजे आमच्या नगरच्या, सावेडी भागात एखाद्या नव्या उंच इमारतीतलं घर बघायला गेलं की हे शब्द हमखास कानावर येतात, आणि त्यांचे पैसेही वेगळे मोजावे लागतात. मी वाढलो गावातल्या जुन्या पेठेत. आमच्याकडे या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, गच्ची. कुरडया तिथे वाळायच्या, संक्रांतीचे पतंग तिथून उडायचे आणि वैशाखात सगळ्या घराची अंथरुणं तिथे पडायची. आलिशान घराची सगळ्यात महाग जागा म्हणून ती आज विकली जाते, म्हणून तिचं कूळ शोधावंसं वाटलं.

शब्दापासून सुरुवात करू. फारसीत ‘गच’ म्हणजे भिंतीला नि छताला चढवायचा चुन्याचा किंवा जिप्समचा लेप. मराठीत ‘चुनेगच्ची’ म्हणजे चुन्यात पक्कं केलेलं बांधकाम, आणि चुन्यानं पक्का केलेला घराचा सपाट माथा ती गच्ची. मोकळं आकाश, वारा, चांदणं असलं काही या शब्दाच्या पोटात नाही. तिथे फक्त चुना आहे. जागेला तिच्या उपयोगाचं नाव न मिळता मालाचं मिळालं, कारण नवल त्या मालाचंच होतं. चुना येण्याआधीही आमच्या भागात माथे सपाट होते, पण ते मातीचे होते.

त्या मातीच्या माथ्याचं नाव माळवद. काही जण धाबंही म्हणतात. तुळयांवर लाकडाच्या चिरफळ्या, त्यांवर पाचट किंवा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. उजेड आत यावा नि धूर बाहेर जावा म्हणून मध्ये सवणं ठेवायचं, पाणी उतरायला कडेला पन्हाळ. मृगाआधी दरवर्षी वर जाऊन भेगा बुजवायच्या, नवी माती टाकायची. जाड मातीमुळे उन्हाळ्यात खालची खोली गार राहायची. पण दोन दिवस झड लागली की माती पाणी धरायची, छत जड व्हायचं आणि कोपऱ्यात भांडी मांडावी लागायची.

असं छप्पर टिकतं ते पाऊस कमी असला तरच. आमचा जिल्हा म्हणजे याचा उघडा पुरावा आहे. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पाऊस वर्षाला हजारो मिलिमीटर कोसळतो, म्हणून तिथलं घर उतरत्या छपराचं. सह्याद्रीची धार मागे टाकून पूर्वेला नगर, पाथर्डी, कर्जतकडे या, पावसाचा आकडा साडेपाचशे-सहाशेच्या आसपास येतो आणि घरांचे माथे आडवे होत जातात. एकाच जिल्ह्यात, शे-दीडशे किलोमीटरच्या अंतरात, छपराचा कोन पावसानं ठरवलेला दिसतो. गच्ची ही पर्जन्यछायेची लेक आहे. दुष्काळानं आम्हाला जे थोडं दिलं, त्यातली ही एक गोष्ट.

चुना इथे निजामशाहीच्या आधीही माहीत होता. पण निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदनं १४९० मध्ये भिंगारजवळ बहामनी फौजेला हरवलं आणि चार वर्षांनी शहर वसवायला घेतलं, तेव्हापासून चुन्याची मोठी कामं सुरू झाली. खापरी नळांतून कापूरवाडी, शेंडी, वडगावकडचं पाणी शहरात आलं, बागा आणि हौद झाले. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग आजही भिंगारच्या बाजूला उभा आहे. कोरड्या पडलेल्या तलावाच्या मध्यात अष्टकोनी महाल, मधल्या दालनावर घुमट, आजूबाजूच्या दोन मजली दालनांचे माथे सपाट. पाण्यावरून येणारा वारा उंच दालनात खेळावा, ही त्यामागची आखणी. उंच छताचा दिवाणखाना आणि समोर पाणी ही आजच्या श्रीमंत घरांची हौस नगरला सव्वाचारशे वर्षांहून जुनी आहे.

फराहबाग पुरा करणाऱ्या निजामशाही वजीर सलाबतखानाची कबर शाहडोंगरावर आहे. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण चांदबीबीशी तिचा संबंध नाही. तीन मजली, अष्टकोनी, दगडी. मधल्या भागाभोवती रुंद कमानी सज्जे आहेत. भर एप्रिलच्या दुपारी मी त्या सज्ज्यात बसलो आहे. ऊन बाहेरच्या कमानीपर्यंत येतं नि तिथेच थांबतं. सज्ज्याची रुंदी म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

तो सज्जा मला पुन्हा भेटला मुंबईत, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या कांचनजंगा इमारतीत. कंबाला हिलवरची ही २८ मजली इमारत १९८३ मध्ये पुरी झाली, आणि तिच्यात घरं अवघी ३२. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही पश्चिमेलाच. पण तळपतं ऊन आणि पावसाची झोड हीसुद्धा तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा गुंडाळला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीच्या कोपऱ्यांत चढवला. दोन मजले उंचीच्या बागेच्या गच्च्या कोरून काढल्या आणि राहायच्या खोल्या त्यांच्या आड ठेवल्या. लांबून पाहिलं तर ठोकळ्याचे कोपरे कुणी काढून घेतल्यासारखे वाटतात. नगरच्या डोंगरावरून कोरियांनी काही उचललं असं मी म्हणत नाही. उन्हाला दाराबाहेर थोपवायचं असेल तर मधे जागा सोडावी लागते, एवढं दोघांनाही उमगलं होतं. त्या इमारतीनंतर गच्ची माथ्यावरून उतरून घराच्या कुशीत आली. आजच्या बहुतेक माहितीपत्रकांतली ‘स्काय गार्डन’ मला या घराण्याची वाटते, फक्त तिची रुंदी बऱ्याचदा एक खुर्ची मावेल इतकीच उरते. तेवढ्यात ना पाऊस अडतो ना ऊन.

माथ्यावरच्या गच्चीचं पुढे काय झालं? सिमेंटचा स्लॅब आला आणि माळवदं गेली. स्लॅब पातळ, म्हणून तापतो; वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाणी मुरू नये म्हणून त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा, पन्हाळीकडे ढाळ द्यायचा. चुन्याच्या काळात हा कोबा बायका ओळीनं बसून थाप्यांनी दिवसेंदिवस चोपत. चुन्याच्या घाणीत मळलेल्या मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळ पडायचं. आता तयार रसायनं मिळतात, काम लवकर उरकतं.

कायद्यानंही गच्चीची दखल घेतली आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात सामाईक जागांच्या यादीत गच्च्यांचं नाव आहे. आणि एकाच घराला जोडलेली उघडी गच्ची त्या घराच्या चटई क्षेत्रात धरायची नाही, असंही त्यात लिहिलं आहे. आलिशान घर घेणाऱ्यानं हे नीट वाचावं. घराच्या क्षेत्रफळात तिला मिसळून किंमत सांगितली जात असेल, तर तिथेच थांबवून विचारावं.

आमच्या पेठेतल्या घराची गच्ची परवा उकरली. वरचा सिमेंटचा थर दोघांनी अर्ध्या दिवसात काढला. खाली पणजोबांच्या काळचा चुन्याचा कोबा लागला, तेव्हा पहारी आणाव्या लागल्या. गवंड्यानं एक ढेकूळ काढून माझ्या हातावर ठेवलं. आत विटेचे लाल कण होते, आणि नख मारून पाहिलं तरी ओरखडा उठत नव्हता. “हे नका काढू, यावरच करू,” तो म्हणाला, आणि पन्हाळीकडे सूत लावून ढाळ मोजायला बसला.