शिलेदार, बारगीर की गारदी? अठराव्या शतकातील तरुणापुढचा एक प्रश्न

१/
सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या माझ्या मामेभावाने परवा विचारले, "ताई, खरा लढवय्या कोण? गनिमी काव्याने लढणारा की कवायती पलटणीतला? आणि मी कुठे जावं?" पहिल्या प्रश्नावर आपण इतिहासप्रेमी तासन्‌तास वाद घालतो. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाला क्वचितच विचारतो. अठराव्या शतकात मराठी मुलुखातील तरुणांपुढे हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे होते. त्यांच्यापुढच्या वाटा कोणत्या होत्या, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/
घोडदळात शिरण्याचे मुख्य मार्ग दोन. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासद बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोडा नसलेल्या तरुणालाही बढतीची शिडी समोर दिसत होती.

३/
शिलेदाराचा आब मोठा, पण जोखीमही त्याचीच. घोडा मेला की त्याचे भांडवल बुडाले. समोरासमोरच्या लढाईत घोडे फार मरतात. छापा घालून निसटण्यात कमी मरतात. गनिमी काव्याचे श्रेय आपण सह्याद्रीला आणि सेनापतींच्या बुद्धीला देतो, आणि ते रास्तच आहे. परंतु त्यामागे हा घरगुती हिशेबही होता. स्वतःचा घोडा घेऊन आलेला माणूस तो तोफेच्या तोंडी सहजासहजी देत नाही.

४/
१६८९ नंतर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी औरंगजेबाच्या अवाढव्य फौजेला याच पद्धतीने जेरीस आणले. रसद तोडणे, खजिना लुटणे, पिछाडी झोडपणे. शत्रू आपल्या मुलुखापासून दूर आणि जड सामानाने बांधलेला असेल, तेव्हा ही युद्धरीत अजोड ठरते. मात्र दूरचा प्रदेश कायम ताब्यात ठेवणे, भक्कम किल्ला फोडणे, तोफखान्यासमोर पाय रोवून उभे राहणे, ही कामे केवळ चपळ घोडदळाच्या आवाक्यातली नव्हती.

५/
मराठी फौजा उत्तरेत पसरू लागल्या, तशी ही उणीव जाणवू लागली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या बुसीच्या कवायती पलटणींचा मारा मराठ्यांनी १७५१ च्या मोहिमेतच अनुभवला होता. पुढे त्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या चाकरीत आला. एका तालावर बंदुका झाडणारे, रांग न मोडणारे हे पायदळ म्हणजे त्या काळचे निवडक सैन्य. त्यांना गारदी म्हणत.

६/
पानिपत, १४ जानेवारी १७६१. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचा कल गनिमी काव्याकडे, तर सदाशिवरावभाऊंची भिस्त तोफखान्यावर आणि गारद्यांवर, असे बखरी सांगतात. गारद्यांनी त्या दिवशी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण शेजारच्या घोडदळाने रांग सोडून पुढे धाव घेतल्याने गारद्यांचा मारा अडला, असे मराठी परंपरा सांगते. सैन्याच्या दोन्ही अंगांत शूर माणसे होती. उणीव होती ती दोहोंना एकत्र लढवण्याच्या सरावाची.

७/
कवायती शिपाई पगारावर जगतो. लूट वा चौथाईत त्याचा वाटा नसतो. पगार थकला की शिस्तीचा पायाच खचतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कट राजकारणाचा होता, पण थकलेल्या पगाराच्या निमित्तानेच गारदी वाड्यात घुसले होते. त्या एका दिवसाने 'गारदी' हा शब्द मराठीत कायमचा बदनाम झाला. 'शिलेदार' मात्र आजही गौरवाने वापरतात. भाषेनेही आपला कौल देऊन टाकला आहे!

८/
पगाराचे हे कोडे महादजी शिंद्यांनी सोडवले. १७८४ च्या सुमारास त्यांनी साव्हॉयचा डी बॉईन चाकरीत घेतला आणि त्याच्या पलटणींच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख वेगळा नेमून दिला. पगार वेळेवर मिळू लागला. जखमी शिपायाचा पगार उपचारांच्या काळातही चालू राही. या पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता या दोन लढाया जिंकून राजपुतान्यात शिंद्यांची जरब बसवली.

९/
तरीही मराठी तरुण या कंपूंत फारसे गेले नाहीत. भरणा मुख्यतः हिंदुस्थानातील पुरभय्यांचा होता. घोड्यावरची चाकरी मानाची, पायी चालणे कमीपणाचे, ही समजूत खोल रुजलेली होती. दुसरी अडचण अधिक गंभीर. कंपूंतील वरच्या जागा बहुतांशी युरोपियनांच्या हाती होत्या. एतद्देशीय शिपाई कितीही कर्तबगार असला, तरी सुभेदारीच्या पलीकडे त्याला वाट जवळजवळ नव्हती.

१०/
या रचनेची किंमत १८०३ मध्ये मोजावी लागली. इंग्रजांनी शिंद्यांच्या युरोपियन अधिकाऱ्यांना चाकरी सोडण्याचे आमिष दाखवले. अनेक जण फुटले. डी बॉईनचा उत्तराधिकारी पेरॉन सप्टेंबरमध्येच इंग्रजांच्या आश्रयास गेला. पण शिपाई? २३ सप्टेंबरला असईत त्यांनी वेलस्लीच्या सैन्याची जबर हानी केली. १ नोव्हेंबरला लासवाडीत, वरिष्ठ गोरे अधिकारी निघून गेल्यावरही, ते तोफा न सोडता लढले आणि मोठ्या संख्येने तिथेच पडले. शत्रूचा सेनापती लेक यानेही त्यांच्या शौर्याची कबुली दिली.

११/
"म्हणजे गनिमी कावाच बरा होता!" असे म्हणावेसे वाटेल. त्यासाठी १८०४ पाहू. यशवंतराव होळकरांच्या स्वारांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पळवले. भर पावसाळा, फुगलेल्या नद्या, चिखलात रुतून सोडाव्या लागलेल्या तोफा. कंपनीची अशी नाचक्की क्वचितच झाली होती.

१२/
पण अवघ्या अडीच महिन्यांत पारडे फिरले. १३ नोव्हेंबरला डीगला होळकरांचे पायदळ मोडले. १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेत रात्रभर दौड करून आलेल्या लेकच्या घोडदळाने होळकरांची छावणीच बेसावध गाठली. छापा घालणाऱ्यांवरच छापा पडला! वेग ही आता एकाच पक्षाची मक्तेदारी राहिली नव्हती. यशवंतरावांनीही यातून धडा घेतला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत भानपुऱ्यास त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना घातला. १८११ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

१३/
आता जेम्स स्किनर नावाच्या एका तरुणाची वाट पाहा. बाप स्कॉटिश, आई राजपूत. तो शिंद्यांच्या कंपूत वाढला. १८०३ मध्ये, केवळ ब्रिटिश रक्ताचा म्हणून, त्याला काढून टाकण्यात आले. तो लेककडे गेला, पण शिंद्यांविरुद्ध लढणार नाही, ही अट घालून. त्याने उभारलेले घोडदळ 'स्किनर्स हॉर्स' या नावाने आजही भारतीय सैन्यात आहे. स्वतःचा घोडा आणणाऱ्या स्वाराची पद्धत ब्रिटिशांनी अशा दळांत चालू ठेवली आणि तिला नावही आपलेच दिले : 'सिलादार'. पहिल्या महायुद्धात समुद्रापार घोड्यांची भर घालणे तिला झेपेना, तेव्हा ती बंद झाली.

१४/
आणखी एक धागा महाराष्ट्राचा. १८१७ मध्ये पेशव्यांवर लादलेल्या तहातून पुण्याचे अनियमित घोडदळ उभे राहिले. तेच आजचे 'पूना हॉर्स'. आता ते रणगाडा दल आहे. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच दलातून लढताना कामी आले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. अनियमित स्वारांचे दल दीडशे वर्षांत सैन्यातल्या सर्वांत मानाच्या दलांपैकी एक झाले.

१५/
उलट दिशेचा प्रवासही झाला. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वेच्छेने आलेल्या सैनिकांची 'मेघदूत' तुकडी उभारून शत्रूच्या पिछाडीवर छापे घातले. त्या अनुभवातून १९६६ मध्ये कमांडो बटालियन जन्मास आली. आज गनिमी काव्याचे तंत्र सर्वाधिक कठोर कवायतीतून गेलेले सैनिकच शिकतात. 'गनिमी की कवायती' हा वाद सैन्याने स्वतःपुरता केव्हाच मिटवला आहे.

१६/
म्हणून मामेभावाला मी उत्तराऐवजी तीन प्रश्न दिले. घोडा कोणाचा, म्हणजे तुझ्या जिवाची आणि साधनांची जोखीम कोण उचलतो? पगार कोणाच्या हातून आणि किती नेमाने येतो? आणि तुझ्या कर्तबगारीला वर जाण्याची वाट कुठपर्यंत मोकळी आहे? शिलेदार पहिल्या प्रश्नावर अडला, १७७३ चा गारदी दुसऱ्यावर, लासवाडीचा शिपाई तिसऱ्यावर. शौर्यात तिघांपैकी कोणीही उणा नव्हता.

१७/
तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे टोपीचा रंग शेवटी बघायचा." होय, शेवटीच. पण बघू नये असे नाही. लासवाडीची माणसे पलटणीच्या अभिमानावरच उभी राहिली होती. तो अभिमान त्यांचा स्वतःचा होता. त्याला साजेशी व्यवस्था उभी करणे हे राज्यकर्त्यांचे काम होते, आणि ते अपुरे राहिले.

(समाप्त. तुमच्या घराण्यात शिलेदारी वा पलटणीच्या चाकरीच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा.)