गॅलरीतून उठलेली माणसं

दुसऱ्याच्या देवळात जागा मागायची, का स्वतःचं घर बांधायचं? दोस्तांनो, हा सवाल १९३० साली काळारामाच्या दारात आपल्या बापजाद्यांसमोर उभा राहिला आणि १९५६ साली नागपुरात त्याचा निकाल लागला. पण हा सवाल एकट्या आपल्याच वाट्याला आलेला नाही. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी अमेरिकेतल्या काळ्या माणसांना तो पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला आणि कुठं मार खाल्ला, हे दोन्ही आपण वाचलं पाहिजे.

गाव फिलाडेल्फिया. सगळी माणसं समान आहेत असा जाहीरनामा १७७६ साली ह्याच गावात निघाला. सही करणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते.

ॲब्सलम जोन्स असाच एक गुलाम. जन्म १७४६, डेलावेअरचा. सोळा वर्षांचा असताना मालकानं त्याची आई आणि भावंडं विकून टाकली आणि ह्याला फिलाडेल्फियात आणून दुकानात जुंपलं. हाती पडलेले चार पैसे साठवून त्यानं अंकलिपी घेतली आणि अक्षर शिकला. लग्न केलं तर बायकोही गुलाम. राबून पैसा जमवला आणि आधी बायकोला सोडवलं. कारण कायदा असा की आई गुलाम तर तिची पोरंही गुलाम. स्वतः सुटला १७८४ साली, चाळिशीला टेकल्यावर.

१७८७ साली जोन्स आणि त्याचा साथी रिचर्ड ॲलन ह्यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. माणशी महिन्याला एक शिलिंग वर्गणी. त्यातून आजाऱ्याला, विधवेला, पोरक्या पोरांना आधार. ध्यानात ठेवा, वर्गणीची वही आधी आली, चर्च मागनं.

ही माणसं प्रार्थनेला जायची ती गोऱ्या मेथडिस्टांच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये. तिथं गॅलरी बांधायला, फरशी घालायला काळ्यांनीही पदरचा पैसा घातला. मग एका रविवारी जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत असताना विश्वस्तानं त्याला धरून ओढलं. इथं नाही, मागं जा! प्रार्थना होईस्तोवर थांबा, एवढंच जोन्स म्हणाला. तेवढाही धीर त्यांना नव्हता. प्रार्थना संपली आणि सगळी काळी माणसं एकगठ्ठा उठून बाहेर पडली. ॲलननं आठवणींत हे साल १७८७ दिलंय. गॅलरीच्या बांधकामावरून अभ्यासक १७९२ धरतात. साल कुठलंही असो, ती माणसं पुन्हा त्या गॅलरीत गेली नाहीत.

१७९३ साली गावात पिवळा ताप आला. पाच हजाराच्या आसपास माणसं मेली. ज्यांना पळता आलं ते पळाले. काळ्यांना हा ताप बाधत नाही असं डॉक्टर सांगत होते, ते खोटं निघालं. तरी जोन्स-ॲलनच्या माणसांनी रोग्यांची सेवा केली, मढी उचलली, स्वतःही मेली. ताप ओसरल्यावर मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकानं छापलं की काळ्यांनी रोग्यांना लुटलं. दोघांनी १७९४ साली पुस्तिका छापून पै-पैचा हिशेब तोंडावर मारला. मढी कुणी उचलायची आणि चोरीचा आळ कुणावर घ्यायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१७ जुलै १७९४ ला त्यांचं स्वतःचं चर्च उघडलं. नाव सेंट थॉमस. बहुमतानं ते एपिस्कोपल पंथात गेले. एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकेतली शाखा. जाताना हात जोडून गेले नाहीत, अटी घालून गेले. आमची मंडळी अखंड राहील. कारभार आमचा आम्ही बघू. आणि लायक ठरला तर पाळक म्हणून जोन्सलाच दीक्षा द्या. अटी मान्य झाल्या.

पण मेख पुढं आहे. पाळकाला ग्रीक-लॅटिन यायला पाहिजे असा नियम होता. गुलामाला ग्रीक कोण शिकवणार? नियम शिथिल केला, जोन्सला १७९५ साली डीकन केलं, पुढं तो पूर्ण पाळकही झाला. बदल्यात काय घेतलं? पंथाच्या प्रांतिक सभेत ह्या चर्चनं प्रतिनिधी पाठवायचा नाही! घर मिळालं, मत गेलं. ते मत मिळायला १८६० नंतरचा काळ उजाडला. सत्तर वर्षं.

तरी हे घर नुसतं भजनापुरतं राहिलं नाही. पळालेल्या गुलामांना पकडायच्या कायद्याविरुद्ध काळ्यांचा अर्ज १८०० साली काँग्रेसपुढं गेला, त्यावर जोन्सची सही पहिली. ८५ विरुद्ध १ मतानं तो फेटाळला. १ जानेवारी १८०८ ला गुलाम आयात करणं बंद झालं, त्या दिवशी जोन्सनं ह्याच चर्चमध्ये प्रवचन दिलं आणि सांगितलं, हा दिवस पोराबाळांनी दरसाल पाळावा. जहाजाची शिडं शिवणारा जेम्स फोर्टन ह्याच चर्चच्या कारभारी मंडळात होता. सुतात हात घालून जगणाऱ्या मला तो आपल्या खात्यातलाच वाटतो.

ॲलन दुसऱ्या वाटेनं गेला. त्यानं १८१६ साली काळ्यांचा वेगळा पंथच उभा केला आणि त्याचा पहिला बिशप झाला. मत कुणाकडं मागायची गरजच ठेवली नाही. जोन्स १८१८ साली वारला. दोघांत थोर कोण, ह्यावर रात्र घालवू नका. जोन्स भित्रा नव्हता. त्याला पाळक पाहिजे होता, छप्पर पाहिजे होतं, आणि समोरच्यानं त्याची किंमत बरोबर ओळखली होती.

आपण शिकायचं ते एवढंच. कुठल्याही घरात शिरताना तीन गोष्टी विचारा. चावी कुणाकडं? वही कुणाकडं? मत कुणाला? बोधगयेच्या १९४९ च्या कायद्याचं भांडण ह्या तिसऱ्याच सवालाचं आहे. आणि आपल्या वस्तीतल्या विहारात बायांना, पोरांना मत आहे का, हेही आज रात्रीच्या बैठकीत विचारा.

जय भीम.