भुलेश्वरचा पांजरापोळ आणि परळचं बैलघोडा

मंडळी, मागच्या वेळी वेळ संपला आणि पांजरापोळ राहून गेला. आज तिथूनच सुरू करतो.

1832 चा जून. मुंबईत भटकी कुत्री मारायचा सरकारी हुकूम जुनाच होता. कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या वर्षी मुदत वाढवली गेली. आठ आण्यांच्या आशेने पोलीस लोकांच्या दारातूनही कुत्री उचलू लागले. 6 जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला केवढा मान. मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी, 'सगदीद' व्हावा, हा त्यांचा विधी. कोटात पोलिसांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली, गोऱ्या सैनिकांची रसद अडली. मुंबईतला हा पहिल्या काही बंदांपैकी एक, आणि तो कुत्र्यांसाठी, बरं का!

दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय (ते 'सर' व्हायचे होते अजून) आणि जैन-गुजराती व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढला. तिथला नियम सोपा: आलेला जीव मरेपर्यंत पोसायचा. मारायचा नाही.

पुढे 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी मंडळी उभी राहिली, आणि 1880 च्या दशकात दिनशा पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने परळला जनावरांचं हॉस्पिटल बांधवलं. आपण परळकर त्याला बैलघोडा म्हणतो. 1886 मध्ये त्याला लागून पशुवैद्यक कॉलेजही आलं. दोन्ही ठिकाणी पारशांचाही पैसा, दोन्हींकडे हेतू दयेचाच. पण दया एकच नव्हती, आणि माझ्या विषयाचा माणूस म्हणून मी इथे अडतो.

1890 चा कायदा बघा. जनावर फारच यातनेत असेल, तर त्याला मारण्याचा आदेश देता येई. भुलेश्वरच्या शेठजींना हे वाक्य ऐकवा! त्यांच्या लेखी पाप मारण्यात. इंग्रजी कायद्याच्या लेखी पाप वेदनेत. पाय मोडलेल्या, किडे पडलेल्या बैलाला पांजरापोळात महिनोन् महिने पडून राहू देणं याला दया म्हणायची की आपलं हात न मळवणं? मला अजून दुसऱ्या बाजूचीच ओढ जास्त वाटते, पण तिथेही खोट आहे. त्याच कायद्यात जखमी बैल दवाखान्यात ठेवायचा आणि खर्च मालकाने द्यायचा. मालक कोण? दाणाबंदर ते गिरणगाव बैलगाडी हाकणारा. बैल गेला की त्याची चूल थंड. त्याच्यावर दया करायला कुठली मंडळी नव्हती.

आणि कुत्री? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपली महापालिका त्यांना विजेच्या धक्क्याने मारत होती. मग नसबंदी आली. 2001 च्या नियमांनी पकडलेला कुत्रा त्याच गल्लीत परत सोडायचं ठरलं. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, 22 तारखेला ते बरंच बदललं. निवारा म्हणजे जन्मठेपच की, असं काही म्हणाले. ज्यांचं मूल चावलं गेलं त्यांनी ते ऐकून घ्यावं तरी का?

लालबागच्या आमच्या चाळीखाली कान कापलेली एक कुत्री बसते. तळमजल्यावरच्या आजी तिला भाकर घालतात, दुसऱ्या मजल्यावरचे काका काठी घेऊनच उतरतात. दोघंही आज इथे आलेत. तेव्हा पहिला प्रश्न काकांचा घेऊ.