भाग: रॉयल आयसिंग, राणीचा केक आणि आजीचा प्रश्न

आज कोडिंग बाजूला ठेवू, आज साखर.

गेल्या जुलैत बहिणीच्या वाढदिवसाला मी एकोडीच्या घरी रॉयल आयसिंग करायला बसलो. म्हणजे केकवरची ती पांढरी नक्षी, जी वाळली की कडक होते. बहुतेक कृतींची पहिलीच ओळ होती: अंड्याचा पांढरा भाग घ्या. आणि आजीच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. अंडं घातलं असतं तर तिने केकला हातही लावला नसता.

आता जरा मागे जाऊ. 1769 साली इंग्लंडमध्ये एलिझाबेथ रॅफाल्ड या बाईंनी आपल्या पाककृतींच्या पुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर द्यायला सांगितलं. पुढे 10 फेब्रुवारी 1840 ला राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. केक सुमारे 300 पौंडांचा, म्हणजे 136 किलोच्या आसपास! तिच्या केकमुळे 'रॉयल' हे नाव पडलं असं सर्रास सांगतात. पण हे नाव त्याआधीपासून वापरात होतं. राणीमुळे त्याची शान वाढली, एवढंच. तेव्हा शुभ्र साखर महाग होती. पांढराशुभ्र केक म्हणजे घरात पैसा आहे, हे पाहुण्यांना न बोलता कळायचं.

मी हे वाचून दाखवत होतो, तर आजी म्हणाली, "हलव्याच्या दागिन्याले कुठं अंडं लागते गा?"

खरंच की! आपल्याकडेही नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर साखरेचे पांढरे दागिने घालतात. तिथे कढईत मंद आचेवर थोडा थोडा पाक सोडत दाण्यावर काटा आणतात. आयसिंगचं काम वेगळं. अंड्यातली प्रथिनं फेसात हवा धरून ठेवतात, पिठीसाखर त्याला घट्टपणा देते, आणि पाणी उडून गेलं की सगळं कडक होतं. म्हणजे गरज प्रथिनांची आहे, अंड्याचीच असं नाही.

पुण्याच्या केक कलाकार प्राची धबल देब यांनी हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. ब्रिटनमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे त्या ही कला शिकल्या. इथे अनेकांना अंडं चालत नाही, म्हणून बिनअंड्याच्या आयसिंगवर काम केलं आणि त्यातून मिलान कॅथेड्रलची 100 किलोंची प्रतिकृती उभी केली.

मी काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवलं, अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत. थंड झाल्यावर तीन मोठे चमचे घेतलं, लिंबाचे चार थेंब टाकून फेटलं, मग चाळलेली पिठीसाखर थोडी थोडी करत साधारण पाव किलो. भांड्याला तेलाचा अंश नको, फेस बसतो. वाटीवर ओला रुमाल झाका, नाहीतर वर पापुद्रा धरतो. कोन दुधाच्या पिशवीचा, मेहंदीच्या कोनासारखा.

पहिली खेप फसली. बाहेर पाऊस, हवेत ओल, फुलं रात्रभर चिकटच राहिली. दुसऱ्या खेपेला मिश्रण घट्ट ठेवलं, फुलं बटर पेपरवर काढली आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवली. केकवर अगदी शेवटी लावली.

आजीने एक फूल तोंडात टाकलं. "बत्तासाच हाय हा," म्हणाली, आणि दुसरं उचललं.

तुमच्या घरी साखरेचं असं काय काय बनतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!