जातं गेलं, खुरपं राहिलं

वसमत तालुक्यातल्या आमच्या घरात पहिलं यंत्र कोणतं आलं, यावर आजा-आजीचं शेवटपर्यंत जमलं नाही. आजा म्हणे, विहिरीवरचं इंजिन. आजी म्हणे, गिरणी. "ती कुठं आपल्या घरात आली? ती बाजारात!" असं आजा हटकायचा. आजीचं उत्तर ठरलेलं असे, "पर जातं तर माझ्याच घरातून गेलं ना?"

आज्याच्या गोष्टींची सुरुवात लोखंडी नांगरापासून व्हायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात असा नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य. तरी हरळी-कुंद्यानं धरलेलं काळं रान उलथायला लाकडी नांगर पुरा पडेना, म्हणून लोखंडी आलाच. लोखंडी नांगराला बैल जास्त लागत आणि तेवढे एका घरी नसत. मग दोन-तीन घरांची सावड. आज तुमच्या वावरात, उद्या आमच्या. पुढं ट्रॅक्टर आला आणि तासाचे पैसे मोजले की काम भागू लागलं. शेजाऱ्याशी अबोला असला तरी आता नांगरट होते, असं आजा म्हणायचा. हे तो कौतुकानं सांगायचा की खंतावून, ते मला कधी कळलं नाही.

मोटेची कहाणी त्यानं इतक्यांदा सांगितली, की नाडा, सोंदूर आणि धाव न पाहताच मला पाठ झाले. मग इंजिन आलं, मागून विजेची मोटार आली, आणि १९६८ च्या सुमारास पूर्णा नदीवर येलदरी-सिद्धेश्वरची धरणं उभी राहून कालव्याचं पाणी वसमतच्या शिवारात फिरलं. ऊस आला आणि हळद पसरली.

हळदीनंच आमचं घर खरं यंत्रांच्या नादी लावलं. पूर्वी शिजवण कढईत होई. ओली हळद भरायची, वर हळदीचा पाला आणि भिजकं बारदान झाकायचं, खाली पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ. जाळाशी रात्रभर पुरुषांची राखण. फेस आला, तो खास वास सुटला, की हळकुंडात काडी टोचून बघायची. सहज गेली तर उतरवायची. आजा काडी दुसऱ्याच्या हाती देत नसे. आता वाफेचा कुकर ट्रॅक्टरमागं येतो. एक ढोल भरेस्तोवर दुसरा शिजतो, आणि वाळलेली हळद घोळायला पॉलिशचा ढोल असतोच. काढणीसुद्धा ट्रॅक्टरच करतो.

पण ट्रॅक्टरनं उकरलेली हळद मातीतून वेचायची, गड्डे आणि हळकुंडं मोडून वेगळी करायची, बेणं निवडायचं, हे सगळं बाया बसून, वाकून, हातानंच करतात. कापसाची वेचणीही तशीच. मोट, नांगर, मळणी ही पुरुषांची कामं एकेक करून यंत्रांनी उचलली. सोयाबीनची रास करायला हडंबा आला, गव्हाला हार्वेस्टर आलं. आजी मात्र मरेस्तोवर खुरपत होती. तिच्या हयातीत तिचं ओझं खरोखर उतरवलं ते गिरणीनं, आणि म्हणून तिचा इतिहास तिथून सुरू होई. खुरपणीवर उतारा शेवटी तणनाशकाचा निघाला. त्यानं कंबर वाचली, पण रोज बुडाला. ज्यांचं स्वतःचं वावर नव्हतं त्या बायांनी काय म्हणावं?

परभणीच्या कृषी विद्यापीठात बायांचे काबाडकष्ट हलके करणाऱ्या छोट्या साधनांवर काम झालं आहे. गावात ती फारशी दिसत नाहीत. ट्रॅक्टरला बँक कर्ज देते, वर नारळ फुटतो, फोटो निघतो. साध्या हातमोज्यांची कोण पूजा करणार? शिवाय घरात काय घ्यायचं हे ठरवणारा बहुधा ते काम करत नाही, हे खरं कारण असावं.

मागच्या हंगामात काकांनी कुकरवाल्याचा दर ऐकून मुकाट मान डोलावली. दर कमी कर म्हटलं तर तो दुसऱ्याच्या वावरात निघून जाईल ना! तासाभरानं गड्डे मोडायला आलेल्या बायांशी मात्र दहा रुपयांवरून त्यांची घासाघीस सुरू झाली. त्यातली एक म्हातारी उठली, टोपलं उपडं घालून त्यावर बसली आणि म्हणाली, "मग आणा तुमची मशीन."