पेरोव्स्काइटचे घराणे

१८३९ साली उरल पर्वतातल्या एका खाणीतून निघालेले खनिज जर्मन खनिजतज्ज्ञ गुस्ताव रोझे यांनी तपासले. ते कॅल्शियम आणि टायटॅनियम या दोन धातूंचे संयुक्त ऑक्साइड होते. खनिजांचे हौशी संग्राहक आणि पुढे रशियाचे गृहमंत्री झालेले लेव पेरोव्स्की यांच्या सन्मानार्थ रोझे यांनी त्याला ‘पेरोव्स्काइट’ असे नाव दिले. पुढची ऐंशीहून अधिक वर्षे ते एका खनिजाचेच नाव होते.

१९२६ साली नॉर्वेत व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी या नावाचे घराणे केले. रचना अशी: टायटॅनियमच्या प्रत्येक अणूभोवती सहा ऑक्सिजन मिळून एक अष्टफलक तयार होतो. हे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून उभे राहतात आणि त्यांच्यामधल्या मोठ्या पोकळीत कॅल्शियम बसतो. अणूंच्या त्रिज्यांवरून कोणते धातू या मांडणीत सामावतील, याचे सोपे गुणोत्तर गोल्डश्मिट यांनी मांडले. ते एकच्या जवळ असेल तर रचना नेटका घन होते. पोकळीतला अणू लहान पडला, तर अष्टफलक कलतात. कॅल्शियम तसा लहानच; त्यामुळे ज्या खनिजाने घराण्याला नाव दिले, त्याचीच रचना आदर्श घन नाही.

कॅल्शियमच्या जागी मोठा बेरियम घातला, की उलटे घडते. अष्टफलक ऐसपैस होतो आणि टायटॅनियम मध्यापासून किंचित सरकतो. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली बेरियम टायटॅनेटला यातूनच आपोआप विद्युतध्रुव मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपानमध्ये संशोधकांना त्याचे विलक्षण विद्युतगुण स्वतंत्रपणे सापडले. १९४५ साली हेलन मेगॉ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची स्फटिकरचना उलगडली. आज मोबाइलमधल्या इवल्याशा सिरॅमिक कपॅसिटरांत हेच संयुग असते.

इथवरची कथा जागेवर बसलेल्या अणूंची झाली. घराण्याचे खरे वैभव मात्र जागेवर नसलेल्या अणूंमुळे आले. बेरियम टायटॅनेट भाजताना ऑक्सिजन कमी पडला, तर काही ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. विद्युतदाब असला, की या जागा हळूहळू सरकतात आणि कपॅसिटरचे विद्युतरोधन खचत जाते. पण दुसरीकडे हाच दोष हवाहवासा ठरतो. घनऑक्साइड इंधनघटात ऑक्सिजनचे आयन एका रिकाम्या जागेतून दुसऱ्या जागेत उड्या घेत पुढे जातात; जागाच नसतील तर वाटही नाही.

१९८६ साली झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी पेरोव्स्काइटसारखे थर असलेले लँथॅनम-तांबे ऑक्साइड घेतले. मूळ पदार्थ विद्युतरोधक. त्यातल्या काही लँथॅनमच्या जागी त्यांनी बेरियम घातला. बेरियमचा विद्युतभार एकाने कमी असल्याने तांब्याच्या थरांत इलेक्ट्रॉनांची उणीव निर्माण झाली, आणि ३५ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता प्रकटली. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १९८७ साली इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड आले. ते ९३ केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहते, म्हणजे ७७ केल्विनवर उकळणाऱ्या द्रव नायट्रोजनने ते थंड करता येते. यात पेरोव्स्काइटचे तीन घन एकावर एक रचलेले आहेत. हिशेबाने ऑक्सिजन नऊ हवेत, असतात जेमतेम सात. ते सहावर आले, की अतिसंवाहकता संपते. म्हणून वडी भट्टीतून काढताना ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड करतात.

म्हणूनच या घराण्यातल्या पदार्थाची ओळख केवळ रासायनिक सूत्राने होत नाही. तो कोणत्या हवेत भाजला, किती सावकाश निवला आणि त्यात कोणत्या जागा रिकाम्या राहिल्या, हेही सांगावे लागते. गोल्डश्मिट यांच्या गुणोत्तराने घराण्यात कोण बसेल ते कळते. बसल्यावर तो कोणते काम करील, हे पुष्कळदा त्याच्यातली उणीव ठरवते.