पालवणकर, बाळू

(१९ मार्च १८७६–४ जुलै १९५५). हिंदी क्रिकेटच्या आरंभकाळातील अग्रगण्य डावखुरे मंदगती गोलंदाज. जन्म धारवाड येथे, चर्मकार कुटुंबात. आडनाव रत्नागिरीकडील पालवण गावावरून आलेले. वडील फौजेत असल्याने बालपण पुण्यात गेले. क्रिकेटमध्ये बाळूंना जो मुशाहिरा मिळाला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर मैदानावरील नोकर म्हणून. पारशांच्या क्लबात दरमहा ३ रुपये आणि पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये, या वेतनावर खेळपट्टी झाडणे, रूळ फिरविणे, सरावाच्या जाळ्या उभारणे ही कामे उरकून ते साहेबलोकांना तासन्‌तास चेंडू टाकीत; ग्रेगसारख्या निष्णात फलंदाजाला बाद केल्यास आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. या सरावात फलंदाजाइतकाच गोलंदाजही तयार होत आहे, हे साहेबांच्या ध्यानी आले नसावे.

पुण्याच्या हिंदू संघाने बराच खल करून त्यांना घेतले. पण मैदानावर ज्याने टाकलेला चेंडू उचलण्यास कोणाची हरकत नव्हती, त्याला चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. पुढे मुंबईस येऊन ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी मिळविलेल्या विजयात त्यांचा व बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघ बहुतेक ठिकाणी हरत असता, त्यांनी एकूण ११४ बळी घेतले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, हा त्यांचा हिशेब आहे.

कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले गेल्यावर शिवराम व विठ्ठल या बंधूंनी निषेधार्थ अंग काढून घेतले, तेव्हा कोठे त्यांना उपकर्णधारपद देण्यात आले. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले.